तुळजारावांची बकरी

तुळजाराव ड्रेसर रोज सकाळी आठ वाजता यमाला हाकलून द्यायचे.

थट्टा नाही करत. ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत ते जळितांच्या वॉर्डापाशी यायचे, ट्रॉली आत सरकवायचे आणि मग मागे वळून रिकाम्या व्हरांड्याकडे बोट रोखून तमिळमध्ये खडसावायचे, "परत आलास? कितीदा सांगायचं, भेटायची वेळ चार ते सहा! पास आहे? नाही ना? मग तिकडे बाकावर बस. आणि तो रेडा गेटाबाहेर बांध, इथे शेण नको." एवढं बोलून दार धाडकन लावायचे आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता हात धुवायला जायचे.

मी पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि माझं डोकं सणकलं. आत अकरा माणसं भाजून पडलेली, त्यांतली चार-दोन खरोखरच काठावर, आणि हा गृहस्थ यमाशी गप्पा मारतो?

माझं डोकं तसंही लवकर सणकतं. मी मिरजेत नर्सिंग शिकले. तिथल्या आमच्या ट्यूटर बाईंचा दंडक होता की वॉर्डात नर्सचे दात दिसता कामा नयेत. मला तो जड गेला नाही, माझे घरीही फारसे दिसत नसत. लग्न करून तंजावूरला आले. आमचे हे तिथलेच, मराठी खरे, पण किती पिढ्या कावेरीचं पाणी प्यालेत ते त्यांनाही माहीत नाही. भांडायचं तमिळमध्ये आणि वाढायला मागायचं मराठीत, अशी त्यांची वाटणी होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गावात एसटीडी बूथ, स्कॅन सेंटरं आणि काचेच्या दारांची नर्सिंग होम्स भराभर निघत होती. मला नोकरी मिळाली ती एका जुन्या इस्पितळात. त्याचं नाव सांगत नाही. चार वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली आणि मग माझी बदली जळितांकडे झाली.

तर तुळजाराव. पन्नाशी उलटलेली, उंची पाच फुटांच्या आतबाहेर, आणि चष्म्याची मोडकी काडी टाके घालायच्या काळ्या रेशमी दोऱ्याने बांधलेली. माझं आडनाव कळल्यावर म्हणाले, "म्हणजे आपण मराठीच कीं! बरें जाहलें, वहिनी. या इस्पितळांत मराठींत बोलावयास मज हे दोघेच होते." आणि ट्रेमधले दोन चिमटे दाखवले. मोठ्याचं नाव थोरले सरकार, लहानाचं धाकटे सरकार. असलं मराठी मी फक्त शाळेच्या पुस्तकातल्या जुन्या पत्रांत वाचलं होतं. तिथे निदान चिमटे नव्हते.

ड्रेसिंग म्हणजे काय, हे न पाहिलेल्याला सांगणं अवघड आहे. आदल्या दिवशी लावलेली पट्टी जखमेत रुतून बसते. सकाळी ती सोडवायची. सोडवताना माणूस कसा ओरडतो ते मी लिहिणार नाही. तुळजाराव पट्टीचं टोक चिमट्यात धरायचे आणि एक गोष्ट सुरू करायचे. गोष्ट रंगत आली, हसू फुटायच्या बेताला आलं, की त्याच क्षणी हात चालायचा. माणूस हसायचा आणि किंचाळायचा, दोन्ही एकदम. पुढची पट्टी, पुढचं वाक्य. आणि ड्रेसिंग संपलं की गोष्ट असेल तिथे तोडायची. "बाकी उद्यां!" मग तुम्ही पाया पडा, शिव्या द्या, एक शब्द पुढे नाही.

माझ्या वेळी बकरीची गोष्ट चालू होती. एका म्हाताऱ्याला आपली बकरी तंजावूरला लेकीकडे न्यायची असते. कंडक्टर बसमध्ये बकरी घेत नाही. म्हणून म्हातारा तिला साडी नेसवतो, डोक्यावरून पदर घेतो आणि बायकांच्या बाकावर खिडकीशी बसवतो. शेजारची बाई गप्पांना सुरुवात करते, किती मुलं, सून कशी आहे. बकरी काही बोलत नाही. बाईला वाटतं, घरंदाज दिसते. मग बकरी तिच्या वेणीतला गजरा खाते. अशी ती बस दहा दिवस चालली होती. अख्खा वॉर्ड त्या बसमध्ये बसला होता म्हणा ना.

गावात तेव्हा नवीनच तंदूरचं हॉटेल निघालं होतं. एक दिवस ड्यूटी रूममध्ये एक पोरगेला हाउस सर्जन म्हणाला, "आज एक तंदूरी आलीय, नऊ नंबरला." दोघे-तिघे हसले. तुळजाराव हात पुसत होते. म्हणाले, "चांगला आहे, डॉक्टर. चला, हाच तिला सांगू या. ती हसली तर मीही हसतो." आणि खरंच त्याच्या कोपराला धरून नऊ नंबरपाशी घेऊन गेले. तिथे त्याला तिचा पाय धरायला लावला, अख्खं ड्रेसिंग होईपर्यंत. त्याने तोंड उघडलं नाही. पुढे कधी तंदूरच्या हॉटेलात गेला असेल असंही वाटत नाही.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा रे वा, स्वतः यमाला बाकावर बसवणार आणि दुसऱ्याला शिकवणार! माझ्या मनात अढी बसली ती बसलीच. आणि त्या अढीपायी मी जे केलं, त्याने सात माणसं मरायला तयार होऊन बसली. त्यांतल्या सेल्वीबद्दल मला सांगायचंय.

सेल्वी ओरत्तनाडुकडची, तेविसाची. स्टोव्हचा भडका, असं कागदावर लिहिलं होतं. बायकांच्या कागदावर नेहमी तेच लिहिलेलं असायचं. दोन्ही पाय आणि पाठ गेली होती, चेहरा वाचला होता. बाहेर व्हरांड्यात तिची आई चार वर्षांच्या नातीला घेऊन बसून असे. डॉक्टर म्हणत, निम्मी निम्मी आशा आहे. खाल्लं पाहिजे, अंडी, दूध, जेवढं जाईल तेवढं. आणि ती खायची. उलटी दाबून खायची. "मला घरी जायचंय अक्का," म्हणायची, "माझ्या पोरीला माझ्या आईच्या हातची वेणी आवडत नाही."

आमच्याकडे जळितांच्या गाद्यांवर केळीची पानं अंथरत. चादर अंगाला चिकटते, पान चिकटत नाही. तुळजाराव बाजारातून कोवळी पानं स्वतः निवडून आणायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे. त्या दिवशी त्यांनी सेल्वीच्या गादीवर पान मांडलं आणि आयाला, पाक्कियमला, ओरडले, "शेंडा डावीकडे! लग्नाची पंगत आहे, कळत नाही? सेल्वी अम्मा, या बसायला. वाढू का?" हातात खिरीसारख्या पांढऱ्या मलमाचं भांडं. "हे बघा, पायसम."

सेल्वीने तोंड उशीत खुपसलं. खांदे गदगदत होते.

झालं. मी सगळ्यांसमोर तुळजारावांना झाडलं. माणूस आहात की काय आहात, म्हटलं. भाजलेल्या बाईला पानावर वाढता? लाज नाही वाटत? सेल्वी मान उचलून "अक्का, अक्का" करत होती. तिला म्हटलं, तू गप्प पड, मी बघते. आणि मेट्रनबाईंकडे दोन पानी तक्रार केली, इंग्रजीतून. यम, रेडा, पंगत, काही म्हणून सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी टाइप केलेला हुकूम आला. ड्रेसिंगच्या वेळी कामापुरतंच बोलावं, रोग्यांशी थट्टामस्करी करू नये. तुळजारावांनी तो दोनदा वाचला, सही केली आणि मला म्हणाले, "ठीक आहे, वहिनी." एवढंच. मला वाटलं होतं, भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, यमाकडे न बघता दार लावलं, आणि एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे, मुकाट्याने, अकरा ड्रेसिंगं केली. बकरी बसमध्येच राहिली. आदल्याच दिवशी गोष्ट अशा जागी तुटली होती की तिकीट तपासनीस बसमध्ये चढलाय आणि बकरीसमोर उभा राहून म्हणतोय, "अम्मा, तिकीट?"

मी मनात म्हटलं, आली एकदाची शिस्त.

त्याच दुपारी पाच नंबरच्या मिठाईवाल्याने मुलाला बोलावून घेतलं. कढईतलं तेल पाठीवर आणि दंडावर सांडून आलेला माणूस, बरा होत आला होता. तो रडत रडत मुलाला आपल्या म्हैसूरपाकाची कृती सांगायला लागला. वीस वर्षं बायकोपासूनही लपवलेली कृती, वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात. पुढे तो ठणठणीत बरा झाला आणि त्याचा पस्तावा करत राहिला, ते सोडा. दोन नंबरवालीने माहेरच्या देवीचा अंगारा मागवला. आठ नंबरने भावाचे पाय धरून कुठल्याशा जुन्या भांडणाची माफी मागितली. एकानेही धड जेवण घेतलं नाही. मला काही कळेना. हवा बदलली म्हणावं तर तीही नाही.

सेल्वीने नाकातली चमकी काढून आईकडे दिली. "पोरीसाठी ठेव," म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून पडली. अंडं तसंच राहिलं. दूध तसंच राहिलं. तीन दिवस मी रागावले, चुचकारलं, नाक दाबून पाजायचंही बाकी ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कशाला अक्का? मला कळलंय."

"काय कळलंय?"

"राव सार बोलत नाहीत."

मी पाक्कियमला कोपऱ्यात घेतलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आपण पहिलीतल्या पोराकडे टाकतो. "सिस्टरम्मा, तुम्हाला माहीत नाही? राव सार ज्याच्याशी बोलायचे थांबतात, तो जातो. एक दिवस, फार तर तीन. ते गप्प झाले की मी धुतलेली चादर काढून ठेवते. हे इथल्या भिंतींनाही ठाऊक आहे. आणि त्या दिवशी पानावर सेल्वी रडत नव्हती, हसत होती."

अकरा माणसांना मी एकाच सहीने मरणाची वर्दी दिली होती. चार जणांना ऐकून समजण्याची शुद्ध नव्हती म्हणून सात.

ड्यूटी संपल्यावर तडक तुळजारावांच्या घरी गेले. राजवाड्यामागच्या गल्लीत कौलारू दोन खोल्या. शेजारीण तांदूळ निवडत होती. तिला विचारलं, ते गमतीदार बोलणारे तुळजाराव ड्रेसर इथेच राहतात ना? ती म्हणाली, "तुळजाराव इथेच राहतात. पण ते बोलतात? दहा वर्षं झाली आम्हाला. मुलांना वाटतं मुके आहेत."

आत एक चटई, एक स्टूल, एक ताट, एक पेला. सगळं एकेक. घरात दुसऱ्या माणसाची सोयच नव्हती. मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. भिंतीशी औषधांचे जुने खोके एकावर एक रचलेले, प्रत्येकावर तमिळमध्ये चिठ्ठी. आता इंजेक्शनच्या सुयाही घरी आणून विकतो की काय हा माणूस, असं माझ्या मनात आलं. माझं मन असंच आहे.

खोक्यांत विनोद होते.

साप्ताहिकांतले कापलेले, हॉटेलात ऐकून कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवलेले, बसच्या तिकिटामागे लिहिलेले. एक खोका लहान मुलांचा. एक बायकांचा. एक पुरुषांचा. एक नुसता म्हाताऱ्यांचा. आणि एक वेगळा ठेवलेला. तो कुणाचा विचारलं, तर म्हणाले, "चेहरा भाजला असेल त्यांचा. त्यांस फार हसवूं नये वहिनी, ओठ फाटतात. डोळ्यांतच हसूं येईल ऐसेंच सांगावें लागतें. फार थोडे मिळतात ऐसे."

मी तो खोका मिटून जागेवर ठेवला.

"मज विनोद येत नाहीं," ते म्हणाले. "वडील म्हणत, हा मुलगा लग्नांतही श्राद्धास बसल्यासारखा बसतो. पहिल्या वर्षीं एक मुलगी होती वॉर्डांत, सात-आठ वर्षांची. पट्टी ओढतांना म्हणाली, मामा, कांहीं तरी सांगा ना. मज कांहींच आलें नाहीं. ती म्हणत राहिली, मी ओढत राहिलों. त्यानंतर गोळा करूं लागलों." रोज संध्याकाळी उद्याच्या अकरा जणांची तयारी करायची, कुठल्या वाक्याला हात उचलायचा तेही ठरवायचं. एका खासगी नर्सिंग होमने त्यांना बोलावलं होतं. एक दिवस जाऊन परत आले. का, तर "तेथें प्रत्येक खोलींत रंगीत टीव्ही आहे. रोगी तिकडे पाहतात. मज कोण ऐकेल?"

मी विचारलं, मग जाणाऱ्या माणसाशी बोलणं का थांबवता? त्याने काय पाप केलंय?

ते चष्म्याचा दोरा चाचपू लागले. "माझी गोष्ट अर्धी असते. बाकी उद्यां म्हणतों, म्हणून तो उद्यांपर्यंत दम धरतो. ज्यास उद्यां नाहीं, हें मज दिसतें, त्यास बाकी उद्यां कैसें म्हणूं? खोटें होईल तें. म्हणून सुरूच करीत नाहीं." मग म्हणाले, "लोक त्याचा अर्थ लावतात, हें मज ठाऊक नव्हतें."

"ते जाऊ द्या," मी म्हटलं, "उद्यापासून बोला. सेल्वी जेवत नाही."

"हुकूम आहे, वहिनी. तुम्हीं लिहिला, तुम्हींच खोडा."

मी त्याच संध्याकाळी मेट्रनबाईंच्या क्वार्टरवर गेले आणि माझी चूक झाली असं लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा लिहून दिलं, आमच्या ह्यांनाही कधी दिलं नव्हतं. पण हुकूम निघायला जितक्या सह्या लागतात तितक्याच रद्द व्हायला लागतात. दीड दिवस गेला. सगळे मिळून चार दिवस सेल्वीच्या पोटात काही नव्हतं.

पाचव्या सकाळी आठ वाजता व्हरांड्यात आवाज आला, "काय रे, सुट्टी समजलास का? ऊठ त्या बाकावरून!" मी सांगते तुम्हाला, अख्ख्या वॉर्डाने श्वास सोडला. मिठाईवाला तर हुंदके देऊन रडला. पाक्कियमने काढून ठेवलेल्या चादरी उचलून कपाटात कोंबल्या.

तुळजाराव सेल्वीच्या खाटेशी आले. तिला ताप चढला होता, श्वास भरभर चालला होता. त्यांनी पाठीवरच्या पट्टीचं टोक उचललं. मी शेजारीच होते. खालचा रंग मी पाहिला, वास मला आला, त्यांनाही आला. वीस वर्षं हेच काम केलेल्या ड्रेसरला डॉक्टर लागत नाही. दोन दिवस, फार तर तीन.

सेल्वीने मान वळवली होती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मीही त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि पदराचं टोक मुठीत आवळून मनात म्हणत होते, बोला हो, बोला. तुळजारावांनी थोरले सरकार खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"तर सेल्वी अम्मा," ते म्हणाले, "तपासनीस काय म्हणाला? अम्मा, तिकीट! आता बकरी तर काही बोलेना..."

आणि सुरू झाले. आधी तपासनिसाने कंडक्टरला विचारलं. कंडक्टर म्हणाला, बाईमाणूस आहे, मी कसं हटकू? मग ड्रायव्हरला विचारलं. त्याने बस थांबवून मागे येऊन पाहिलं आणि म्हणाला, माझ्या आत्याची आठवण झाली. सेल्वी हसली. क्षीण, पण हसली, आणि त्याच हसण्यावर पट्टी सुटली.

"बाकी उद्यां," तुळजाराव म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी तीनदा हात धुतले. "वहिनी, आज मी खोटें बोललों," म्हणाले. मी म्हटलं, बोललात ते बरं केलंत. त्यांचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही.

सेल्वीने त्या दिवशी अर्धं अंडं खाल्लं. कांजी प्याली. आईला आत बोलावून म्हणाली, "माझी चमकी दे." आई भांबावली. "दे की! माझी आहे. पोरीला तिच्या लग्नात करू." मीच ती तिच्या नाकात पुन्हा घातली. घालताना ती मलाच म्हणाली, "अक्का, हळू, मी काही मरत नाही."

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने बसमधल्या प्रत्येकाला विचारून घेतलं, ही बाई कुणाची कोण. तुळजाराव गोष्ट ताणत होते. बस एक थांबा पुढे जायला तयार नव्हती. "बाकी उद्यां." त्या संध्याकाळी तापात सेल्वी मला म्हणाली, "अक्का, मला शेवट कळलाय. राव सारना सांगू नका, त्यांचा विरस होईल." आणि माझ्या कानात सांगितला. मग स्वतःच हसली, खोकला येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती गेली.

डॉक्टर नंतर मला म्हणाले, जंतू आधीच शिरले होते, त्या चार दिवसांनी काही बदललं नसतं. ते शहाणे गृहस्थ होते आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. तरी मला अजून ते पटत नाही. निम्मी आशा होती, म्हणत होते ना? त्यातली माझ्या तक्रारीने किती खाल्ली, ते मला कुणी सांगू शकत नाही.

आठला तुळजाराव आले. व्हरांड्यात ते काही बोलले नाहीत. रिकामी गादी पाहिली, पानं काढून ठेवली होती ती पाहिली, आणि ट्रॉली तिथेच सोडून ड्रेसिंगच्या खोलीत गेले. मी मागून गेले. ते स्टुलावर बसले होते, हातात बसच्या तिकिटाएवढा कागद.

"शेवट रात्रीं लिहिला," म्हणाले. "आज संपवणार होतों. उगाच ताणून तिजला शिणवत होतों. ऐकतां?"

मी ऐकला. तपासनीस शेवटी म्हणतो, आजोबा, मला दिसतंय ही बकरी आहे. पण अख्ख्या बसमध्ये ही एकटीच गप्प बसून आहे. बसू दे तिला.

"कैसा आहे? खरें सांगा. तुम्ही हसत नाहीं, म्हणून तुम्हांस विचारतों."

"बेताचाच आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बेताचाच आहे."

मग मी सांगितलं, सेल्वीने दुसराच शेवट केला होता. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, "ती म्हणाली, तपासनीस पदर वर करून बघतो, तर ती बकरी त्याचीच! सकाळी त्याच्याच परसातून चोरलेली. आणि साडीसुद्धा त्याच्याच बायकोची, दोरीवर वाळत घातलेली."

तुळजाराव हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, अगदी स्वतःच्या विनोदालाही नाही. आधी नाकातून, मग पोट धरून, चष्मा काढून हसले. "साडीसुद्धां! अहो, साडीसुद्धां!" पुन्हा पुन्हा तेच. "हें मज जन्मांत सुचलें नसतें." आणि मग ते हसणं कुठे फिरलं कळलं नाही. एवढासा माणूस, गुडघ्यांत डोकं घालून मोठ्याने रडायला लागला. रडताना मात्र मराठीतच रडत होते, "पोरी, पोरी," म्हणत. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि ठेवलाही. मग दार ओढून घेतलं आणि ट्रॉलीकडे आले.

पाच नंबरला मिठाईवाला पालथा पडून होता. रिकाम्या खाटेकडे कुणी बघत नव्हतं. मी चिमटा घेतला, पट्टीचं टोक धरलं. माझ्या हाताखाली त्याची पाठ आधीच ताठरली.

"सिस्टर," तो उशीत तोंड घालून म्हणाला, "राव सार येणार नाहीत?"

"येतील. जरा वेळ लागेल."

"मग बकरीचं काय झालं, ते कुणाला माहीतच नाही?"

मला गोष्ट सांगता येत नाही. कुठे थांबायचं, कुठे हात उचलायचा, काही कळत नाही. ट्यूटर बाईंनी शिकवलं नव्हतं आणि ती सकाळ हसायची नव्हती. तरी सांगितली, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, सेल्वीचं नाव घेऊन, तिने केलेला शेवट आहे म्हणून. पदर वर केला, तर बकरी त्याचीच. इथवर पाठ ताठच होती.

"आणि साडी," मी म्हटलं, "त्याच्याच बायकोची."

आधी मिठाईवाला हसला, मग दोन नंबरवाली, मग पलीकडून आठ नंबर. ते हसणं विरेपर्यंत त्याची निम्मी पाठ मोकळी झाली होती.